चाळीस चष्मे, सगळे शून्य-शून्य

आत्यानं टायवाल्याला बसायला खुर्ची दिली ती नेमकी माझी. डोकं तिथंच फिरलं.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"तुला उभं राहून येत नाही का काम?" आत्या म्हणाली. "नाहीतरी पाच मिनिटं एका जागी बूड टेकत नाही तुझं."

टायवाला अर्धवट उठला, मग बसला. कुठल्यातरी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात टाय, आणि कपाळावर घाम, कारण आमच्या खोलीत चाक सुरू असलं की पंखा बंद ठेवतात. नाहीतर काचेचा भुगा उडतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांत जातो. चष्म्याच्या कारखान्यात डोळे सांभाळायला नकोत?

कारखाना म्हणजे एक लांबडी खोली. एका भिंतीला काचांचे खण, मधे घासायचं चाक, खिडकीपाशी दादाचं टेबल, कोपऱ्यात माझा कंप्युटर. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, तो काचा फ्रेममध्ये बसवतो आणि दिवसभर माझी टर उडवतो. चाकावर घासकाका. त्यांचं खरं नाव आत्याला तरी आठवतं की नाही शंका आहे. तीस वर्षं काचा घासतायत, म्हणून घासकाका.

"तर ऐका," आत्या टायवाल्याला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. "आज दवाखान्याची चाळीस चष्म्यांची ऑर्डर आहे, चारला द्यायची. ती हिच्या प्रोग्रॅमवर होईल. एकही जोडी चुकली नाही, तर तुमचं मला नको. चुकली, तर तुमचं घेणार आणि ही सोमवारपासून परत शाळेत."

"आईशी बोललीस तू?" मी विचारलं.

"आईनंच सांगितलंय. तीन महिने दिले तुला. बास झाले."

शाळा मी गेल्या वर्षी मधेच सोडली. का, ते विचारू नका, प्रत्येकाला वेगळं सांगितलंय. खरं एवढंच की तिथं मला श्वास घेता येत नव्हता, आणि इथं येतो, भुगा असला तरी.

"चालेल," मी म्हटलं. "चारला टाय सोडून निवांत घरी जा म्हणावं त्यांना."

"जीभ आवर," आत्या म्हणाली. दादा खिडकीपाशी खुसखुसला.

माझा प्रोग्रॅम काय करतो ते सांगते. या चाळीसच्या चाळीस ऑर्डर वाचायच्या चष्म्यांच्या, दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असलेल्या. दवाखाना प्रत्येकाचे दोन आकडे पाठवतो: लांबचा नंबर, आणि जवळचं दिसायला त्यात किती भर घालायची ते. दोन्हींची बेरीज म्हणजे वाचायच्या काचेचा नंबर. एवढीच तर बेरीज. आतापर्यंत ती घासकाका डोक्यात करायचे. पण दिवसाला दहा चष्मे होते तेव्हा ठीक होतं. चाळीस झाल्यावर ते बेरजा करत बसले तर चाक कोण चालवणार?

आता बेरीज प्रोग्रॅम करतो, लेबल छापतो, लेबल ट्रेवर लागतं. घासकाका लेबल बघून खणातून काच काढतात आणि फ्रेमच्या आकारात घासतात. मग दादा ती काच तपासायच्या यंत्रात धरून बघतो, लेबलाशी जुळते का. दवाखान्याचा कागद त्या दोघांनाही दाखवायचा नाही, हा आत्याचा आजपासूनचा नियम. कागद बघितला की माणूस स्वतःचं डोकं चालवतो आणि घोळ होतो, असं तिचं म्हणणं.

मला या प्रोग्रॅमचा भलताच अभिमान होता, कारण मी त्यात जेनेरिक प्रकार वापरलेला. साधा प्रोग्रॅमवाला काय करतो, स्क्रू मोजायला एक डबा लिहितो, फ्रेम मोजायला दुसरा, नंबरांसाठी तिसरा. तेच तेच तीनदा. मी एकच डबा लिहिला. आत काय ठेवणार ते डबा बनवताना सांगायचंच नाही, वापरताना सांगायचं. अट एकच: आत येणारा आकडा असला पाहिजे. पूर्ण असो, दशांशाचा असो, आकडा असला की बास.

हे मी टायवाल्याला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. "छान आहे. कुठं शिकलीस?"

"इथंच. त्या खुर्चीवर."

तो परत अर्धवट उठला.

दहाला लेबलं छापली. दादानं चाळीस ट्रे टेबलावर मांडले, प्रत्येकात फ्रेम, स्क्रू आणि वर लेबल. चाक सुरू झालं. पहिली जोडी झाली, दादानं यंत्रात धरली. "जुळतंय." दुसरी. "जुळतंय." तिसऱ्यालाही जुळलं तेव्हा मी टायवाल्याकडे असं बघितलं की त्यानं लॅपटॉप मिटला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हे तू कशावर तपासून बघितलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे आकडे कोणते घातलेस, तपासताना?"

"एक आणि दोन. तीन आणि चार. बरोबर आली की उत्तरं."

"अच्छा," तो म्हणाला. बस, एवढंच. पण ते 'अच्छा' मला मिरचीसारखं झोंबलं. त्याला काहीतरी सणसणीत ऐकवायचं म्हणून मी गर्रकन वळले, हात ट्रेंकडे केला, "ते बघा, चाळीस..." आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

माझे डोळे तेज आहेत. दादाच्या शर्टाचं बटण कुठल्या धाग्यानं शिवलंय ते मी दारातून सांगते. पण दहापासून ते ट्रे समोर पडलेले असताना मी ते बघितलंच नव्हतं. +1.00. +1.00. +3.00. +1.00. +2.00. एका ओळीत चाळीस लेबलं, आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य-शून्य.

चष्म्याचे नंबर असे नसतात. ते पावापावानं चढतात. सव्वा, दीड, पावणेदोन. चाळीस माणसांचे डोळे असे शहाण्यासारखे पूर्ण आकड्यावर जाऊन थांबतील?

मी सरळ चाकाचं बटण दाबलं. घासकाकांच्या हातातली काच तशीच राहिली.

"काय गं?" आत्या.

"थांबा. सगळे थांबा."

"लाइट गेली का?" दादा.

"मी घालवली. गप्प बस."

दवाखान्याचा कागद घेतला. पहिली ऑर्डर: लांबचा उणे सव्वा, भर दोन. म्हणजे वाचायचा अधिक पाऊण. लेबल म्हणतंय एक. दुसरी: उणे पाऊण, भर दीड. परत पाऊण. लेबल, एक. तिसरी: अधिक सव्वा, भर सव्वादोन. साडेतीन व्हायला हवेत. लेबल, तीन.

का झालं ते मला बघता बघता कळलं. नुसतं 'हा आकडा आहे' एवढंच माहीत असेल तर कंप्युटर बेरीज करत नाही. तो विचारतो, आकडा खरा, पण कसला? डबा लिहिताना हा प्रश्न आलेला. तेव्हा मी स्क्रू मोजत होते. वैतागून एका शब्दात त्याचं तोंड बंद केलेलं: जे काय असेल ते पूर्णांक कर आणि बेरीज कर. मग काय, सव्वा आत गेला की एक, पाऊण आत गेला की शून्य. आणि लेबल छापताना शेवटी दोन शून्यं लावायची सवयही मीच लावलेली. दादाची तपासणी लेबलाशीच, त्यामुळे तिथं सगळं जुळतच होतं.

"चुकलंय," मी म्हटलं. "तिन्ही जोड्या चुकल्यात. चाकावरची चौथी मात्र बरोबर आहे, पण ती नशिबानं."

टायवाल्यानं लॅपटॉप उघडला नाही, हे मानलं पाहिजे.

आत्या शांत आवाजात म्हणाली, "तीन?"

"तीन."

"मग..."

"चारला वेळ आहे अजून. आत्ता निकाल लावू नकोस. चारला लाव."

असं आत्याशी कोणी बोलत नाही. तिनं घड्याळाकडे बघितलं. साडेदहा. "चारला," ती म्हणाली.

"उठा," मी टायवाल्याला म्हटलं. आता तो पूर्ण उठला.

दुरुस्ती मला एका शब्दाची वाटली. पूर्णांक काढला, दशांश घातला. बेरीज बरोबर आली, पाऊण म्हणजे पाऊण. मी टेबलावर हात आपटला, "झालं!" आणि पुढच्याच क्षणाला पडदा लाल झाला. चाळीसच्या चाळीस ओळी: नग जुळत नाहीत.

"आता काय?" दादा मागून डोकावला.

"भिंगं दोन, फ्रेम एक, स्क्रू चार. एका ट्रेत सात नग," मी म्हटलं. "यादीतही सात आहेत."

"मग जुळतंय की."

"याला नाही जुळत. डबा आता सगळंच दशांशात करतो. याच्याकडे सात पूर्णांक शून्य आहे आणि यादीत नुसते सात. दोघांना एका माळेत ओवत नाही तो."

"सात पूर्णांक शून्य स्क्रू!" दादा म्हणाला. "एखादा शून्य पूर्णांक पाच स्क्रू सापडला तर बाजूला काढून ठेवतो हं."

मी त्याच्यावर खोडरबर फेकलं. लागलंही. पण तो बोलला ते डोक्यात राहिलं. पाऊण स्क्रू नसतो. आणि चष्म्याला नुसता पूर्ण आकडा पुरत नाही. दोघंही आकडेच, पण एकाला सोयीचं करायला गेलं की दुसरा बोंबलतो.

मी उठून फेऱ्या मारायला लागले. खण ते खिडकी, खिडकी ते खण. घासकाका चाक पुसत होते.

"काका, तुम्ही डोक्यात कशी करायचा ही बेरीज? पहिली सांगा. उणे सव्वा, भर दोन."

"तीन," ते म्हणाले.

"तीन?"

"तीन नंबरच्या खणातली काच."

मी खणांकडे बघितलं. प्रत्येकावर खडूनं आकडा. तीन महिने मी ते रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ आहे. तिसऱ्या खणात पाऊण नंबरच्या काचा. चौथ्यात एक. नवव्यात सव्वादोन.

"तुम्ही पाव मोजता," मी म्हटलं.

"मग काय मोजू? सव्वा म्हणजे पाच पाव. उणे पाच, अधिक आठ. तीन. सरळ हिशोब. ते टिंब आणि पंचाहत्तर कोण करत बसतो? काच घासताना टिंब दिसतं का कुठं?"

"काका, तीस वर्षं झाली, सांगितलं का नाही कोणाला?"

"विचारलं कोणी?"

मी खुर्चीवर जाऊन आदळले. आता हात चालायला लागले. डब्याला बेरीज शिकवायचीच नाही, हे पहिलं. तो डबा आहे, त्यानं धरून ठेवावं. 'आत येणारा आकडा असावा' ही अट खोडली. नवी अट: आत येणाऱ्याला स्वतःची बेरीज स्वतः करता आली पाहिजे, ती रीत त्यानं सोबत आणायची. मग दोन नवे प्रकार लिहिले. एकाचं नाव नग. त्याची बेरीज साधी, पूर्ण. दुसऱ्याचं नाव पाव. तो आत शिरतानाच चारपट होतो, पुढं पूर्ण आकड्यासारखा वागतो आणि लेबलावर छापताना परत सव्वा-दीड होतो. दोघंही त्याच एका डब्यात बसतात, आणि कोणी कोणाला कापत नाही.

टायवाला मागं उभा राहून बघत होता. "म्हणजे कसं मिळवायचं ते डब्यानं ठरवायचं नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही. ज्याचं त्यानं."

"शाळेतसुद्धा असं..." आत्यानं सुरुवात केली.

"आत्या, भाषण नको, हात जोडते."

"शिंगं फुटलीयत तुला," ती म्हणाली, पण गप्प बसली.

या वेळी एक आणि दोन घालून तपासलं नाही. मी घासकाकांना समोर बसवलं. मी दवाखान्याचा कागद वाचणार, ते डोक्यात उत्तर देणार, दादा पडद्यावर बघणार, आणि काकांना पडदा दिसणार नाही. आत्याचा नियम मोडत होता, पण तिनं मोडू दिला.

"उणे अर्धा, भर दीड."

"चार."

"चार," दादा. "म्हणजे एक."

"अधिक दोन, भर दीड."

"चौदा."

"चौदा!"

काका कंप्युटरच्या आधी उत्तर देत होते. त्यांना मजा यायला लागली. पंधराव्या ऑर्डरला तर मी वाक्य पुरं करायच्या आत त्यांनी आकडा फेकला. सदतिसाव्यापर्यंत सगळं जुळलं. अडतिसाव्याला दादा थांबला.

"इथं काहीच नाही आलं."

"काहीच नाही म्हणजे?"

"लिहिलंय, 'हा पावात बसत नाही.' बिघडलं वाटतं परत."

मी कागद बघितला. लांबचा उणे पाव, भर १.५७.

"बिघडलं नाही," मी म्हटलं. "नाही म्हणतोय तो. एक पूर्णांक सत्तावन्न असा नंबर असतो का, काका?"

"असा खणच नाही," काका म्हणाले.

मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी कागद शोधून सांगितलं, अगं हो, एक पूर्णांक पंचाहत्तर आहे, टाइप करताना पाच आणि सात उलटे पडले. पावणेदोनातून पाव गेला, दीड. सहा नंबरचा खण. शेवटच्या दोन ऑर्डर पण जुळल्या.

राहिल्या त्या तीन चुकलेल्या जोड्या. दादा त्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघालेला. मी त्याचा हात धरला. दवाखान्याच्या सगळ्या फ्रेम एकाच आकाराच्या होत्या. एक नंबरची काच घासून तयार आहे, तर ज्याला खरोखर एक नंबर हवाय त्याला ती का द्यायची नाही? कंप्युटरला विचारलं. पंधरावा आणि एकतिसावा, दोघांना एक नंबरच हवा होता. दोन जोड्या तिथं गेल्या. तीन नंबरची जोडी मात्र कोणालाच नको होती. ती तेवढी वाया.

लेबलं नव्यानं लागली. पाऊण, पाऊण, साडेतीन, एक, अडीच. रांग आता वाकडीतिकडी दिसत होती, आणि मला तीच आवडली. मग चाक सुरू झालं ते चार तास थांबलं नाही. मीही काचा पुसायला बसले, दादाच्या शेजारी, चक्क एका जागी. टायवाला जाऊ शकला असता. तो थांबला, बाही दुमडली आणि चष्मे डब्यांत भरू लागला. टाय सारखा मधे येत होता म्हणून त्यानं तो मागं, पाठीवर टाकला.

पावणेचारला चाळिसावा चष्मा डब्यात गेला. आत्यानं स्वतः पाच डबे उघडून, कागद समोर ठेवून तपासले. मग चाक बंद झालं, पंखा सुरू झाला.

"बोल," आत्या मला म्हणाली. "काय ठरलेलं?"

"एकही जोडी चुकायची नाही."

"किती चुकल्या?"

"तीन. पण पकडल्या मी."

"केल्याही तूच."

"हो. मीच केल्या." मी मान खाली घातली नाही. "शाळेत पाठवायचं तर पाठव. पण हा प्रोग्रॅम बरोबर आहे. हे तुला माहितीय, काकांना माहितीय. या टायवाल्यांनाही माहितीय."

आत्या टायवाल्याकडे वळली. "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सत्तावन्न टाकलं असतं, तर?"

त्यानं जरा विचार केला. खोटं बोलता आलं असतं त्याला. "घेतलं असतं," तो म्हणाला. "आमच्याकडे तो नुसता दशांशाचा आकडा आहे. एक पूर्णांक बत्तीस असं लेबल छापून दिलं असतं."

"आणि काकांनी ती काच कुठून काढली असती?"

"ते... मला नाही माहीत."

"जवळचा खण बघून सव्वा दिला असता," घासकाका म्हणाले. "आणि त्या माणसाला वाटलं असतं, आपलेच डोळे बिघडत चाललेत."

आत्यानं दवाखान्याचा कागद घडी करून ठेवला. मग टायवाल्याला म्हणाली, "तुम्हाला उगाच दिवसभर बसवलं."

"उभं केलं," तो म्हणाला आणि हसला. टाय पाठीवरच होता. जाताना त्यानं मला स्वतःचा फोन नंबर दिला. मी घेतला. त्याचं ते 'अच्छा' मला अजून माफ करायचं होतं, पण प्रश्न त्यानं बरोबर विचारलेला.

"सोमवारी शाळा नाही," आत्या म्हणाली. "उड्या मारू नकोस, ऐक आधी. इथून पुढं नवं काहीही लिहिलंस, की आधी काका डोक्यात करणार, मग तुझं मशीन. तपासायला परत एक आणि दोन घेतलेस तर कान उपटून हातात देईन. आणि तुझ्या आईला फोन तू करायचास. मी नाही."

"ती ओरडेल."

"ओरडू दे. तुझ्याच वळणावर गेलीय ती."

दादानं डबे उचलले आणि दारात थांबून म्हणाला, "चाळीस पूर्णांक शून्य चष्मे घेऊन निघतोय." माझ्या हाताशी फेकायला काही उरलं नव्हतं.

घासकाका हात धुवून आले, माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "एक राहिलं," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात तिरप्या नंबरच्या काचा येणार. त्यांना कोन असतो, अंशांत. ती काच मी जरा फिरवून बसवतो, तेव्हा अंश मिळवावे लागतात. ते पावात नाही बसत."

"मग त्यांचा वेगळा प्रकार करू. किती असतात अंश?"

"एकशे ऐंशी. त्याच्या पुढं गेलं की परत पहिल्यापासून."

"म्हणजे एकशे सत्तर आणि वीस..."

"दहा," काका म्हणाले, माझ्या आधीच.

मी खुर्ची पुढं ओढली. "सावकाश, काका. परत सांगा. आणि या वेळी वाईटातले वाईट आकडे द्या मला."